दट्टे अडकतात तेव्हा : लाकडी खेळणी आणि शैक्षणिक साधनांची निगा

जुलै उजाडला की बालवाड्यांमधून एक तक्रार हमखास येते : दट्ट्यापेटीतले, म्हणजे भोके असलेल्या लाकडी ठोकळ्यातले, मूठ लावलेले गोल दट्टे निघत नाहीत. चार वर्षांचे मूल चिमटीत मूठ धरून ओढते, दट्ट्याबरोबर पेटीच वर येते, दट्टा जागचा हलत नाही. मग ताई सुरीचे टोक घालून तो उचकटतात, भोकाच्या कडेची ढलपी निघते आणि शाळा सुटल्यावर कुणीतरी काचकागद घेऊन सगळे दट्टे घासायला बसते. हे घासणे ताबडतोब थांबवा. जुलैत घासलेला दट्टा डिसेंबरात भोकात खुळखुळतो आणि मग ती पेटी कायमची बाद होते.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की लाकडाच्या निगेबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. झाड तोडून, वाळवून, रंधा मारून, पॉलिश करून कितीही वर्षे झाली तरी लाकूड हवेतली वाफ शोषत आणि सोडत राहते. वाफ शोषली की ते फुगते, पण सगळीकडे सारखे नाही. खोडाच्या उभ्या दिशेने ते जवळपास फुगतच नाही, आडव्या दिशेने फुगते. आडव्या दिशेतही वार्षिक वलयांच्या कडेने जेवढे फुगते, त्याच्या साधारण निम्मेच वलयांना छेदून फुगते. दट्टा लेथवर उभ्या रेषेत कातलेला असतो, म्हणून दमट हवेत त्याचा घेर वाढतो आणि तो किंचित लांबट गोल होतो. पेटीचा ठोकळा मात्र आडवा असतो, त्याच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात. त्यामुळे भोक लांबीच्या दिशेने जेवढ्यास तेवढेच राहते. पाच सेंटीमीटर व्यासाचा दट्टा कोकणातल्या पावसाळ्यात अर्धा ते एक मिलिमीटर फुगू शकतो, आणि तेवढे अडकायला पुरेसे असते.

उपाय सोपा आहे, पण तो आधीच करावा लागतो. पावसाळ्यात शाळा सुटताना दट्टे पेटीत बसवून ठेवू नका. ते बाहेर काढून, पेटीशेजारी ताटात उभे मांडून ठेवा, म्हणजे दट्टे आणि भोके दोन्हींना हवा लागेल. अडकलेला दट्टा असेल तर पेटी पंख्याखाली दोन-तीन दिवस राहू द्या, मग हलकेच फिरवून काढा. बाजूला मेणबत्तीचा तुकडा कोरडाच एकदा घासून फडक्याने पुसला की घर्षण कमी होते. याहून जास्त काही करू नये.

साधनाच्या बाबतीत मी इतकी काटेकोर का, असे कुणाला वाटेल. खेळणे आणि शैक्षणिक साधन यांत फरक आहे. खेळण्यातली गाडी थोडी मळली, चाक थोडे करकरले, तरी ती गाडीच असते. साधनाचे तसे नाही. रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह काढणाऱ्या मारिया मॉंटेसरी यांनी साधने अशी रचली की मुलाची चूक मोठ्या माणसाने न सांगता साधनानेच सांगावी. जाड दट्टा बारीक भोकात जात नाही, बारीक दट्टा मोठ्या भोकात डगमगतो, शेवटी एक दट्टा हातात उरतो, आणि मूल पुन्हा मांडायला घेते. दट्टा फुगला की योग्य भोकातही जात नाही आणि बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला साधन ‘चूक’ म्हणते. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत जातात, रंग एकच असतो, कारण मुलाने फक्त आकार पाहावा. त्यातल्या सातव्या ठोकळ्यावर शाईचा डाग पडला, तर मूल आकार पाहणे सोडून डाग ओळखायला लागते. वजनाच्या पाट्या तर आणखी नाजूक. तीन वेगवेगळ्या लाकडांच्या त्या चिमुकल्या पाट्यांमध्ये जेमतेम सहा-सहा ग्रॅमचा फरक असतो. त्यातल्या एखाद्या संचावर हौसेने तेल चोळले, तर मुलाच्या तळहाताला जो फरक जाणवायला हवा तोच गढूळ होतो. वजनाच्या पाट्यांना तेल नाही, मेण नाही, ओले फडके नाही. फक्त कोरडा ब्रश.

आता प्रत्यक्ष सफाईकडे येऊ. हातात फडके घेण्याआधी एक गोष्ट ओळखायची असते : लाकडावर काय लावलेले आहे. ते लाख आहे, रंग आहे, आजकालचे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाईन पॉलिश आहे, की लाकूड उघडेच आहे?

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लाखेची. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान दाबून तिला चकाकी आणतात. हे पाहिलेल्या माणसाला तिची निगा वेगळी सांगावी लागत नाही. उष्णतेने चढलेली लाख उष्णतेने उतरते, म्हणून लाखेच्या खेळण्याला गरम पाणी चालत नाही आणि ते मोटारीच्या काचेमागे उन्हातही ठेवू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले लाखेची पापडी स्पिरिटमध्ये घालतात ती म्हणूनच. करोनाच्या काळात पुष्कळ घरांत आणि शाळांत लाकडी खेळण्यांवर सॅनिटायझरचा फवारा मारण्याची सवय लागली. ती अजून गेलेली नाही. सॅनिटायझरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते. त्याने लाख चिकट होते, पांढुरकी पडते, बोटांचे ठसे उमटतात आणि त्या चिकटपणावर धूळ बसते. लाखेच्या वस्तूला जंतू मारण्यासाठी म्हणून जे काही लावाल त्याने नुकसानच होईल. कोरड्या मऊ सुती फडक्याने जोर देऊन घासा. घासण्याच्या ऊबेनेच ती पुन्हा चमकते.

सावंतवाडीच्या चितार आळीतली फळे, भाज्या, भातुकली आणि ठकी ही रंगवलेली खेळणी. रंगाचा थर लाकडाला पाण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो, पण रंग उडालेल्या कडांमधून आणि देठ बसवलेल्या भोकातून पाणी आत शिरते आणि तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. आंध्रातल्या कोंडपल्लीच्या बाहुल्यांचे अवयव चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून जोडलेले असतात. त्यांना पाणी लागले तर हात-पाय निखळणार, हे उघड आहे. त्या पुसायच्या नाहीत, रंगकामाच्या मऊ ब्रशने झटकायच्या.

पीयू पॉलिशच्या ठोकळ्यांना आणि कोड्यांना ओले फडके चालते. उघड्या लाकडाला अगदी घट्ट पिळलेले, ओलसर म्हणण्याइतकेच.

आठवड्यातून एकदा करायची सफाई अशी : जुन्या धोतराचे किंवा मऊ साडीचे फडके घ्या, नवे फडके खरखरीत असते आणि धागे सोडते. आधी कोरड्या ब्रशने खाचा, अक्षरांच्या कडा, चाकांच्या फटी झटकून घ्या, कारण धूळ ओली झाली की तिचा चिखल खाचेत बसतो. मग एका वाडग्यात कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, दुसऱ्यात साधे पाणी. पहिल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, दुसऱ्याने साबण काढा, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. बोटांचा तेलकट थर जात नसेल तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी घेतलेले फडके फिरवा. व्हिनेगरचा वास तासाभरात जातो. त्याला जंतुनाशक समजू नका, ते फक्त तेलकटपणा काढते. खायचा सोडा वापरायचा मोह होतो, पण सोड्याने काही लाकडे काळपट पडतात. भांडी घासायची तारेची घासणी तर जवळही आणू नका.

नळाखाली धरणे, बादलीत भिजत घालणे आणि वॉशिंग मशीनच्या जाळीत टाकणे, हे तीन प्रकार लाकडाचे आयुष्य संपवतात.

वाळवण्याकडे सहसा लक्ष जात नाही, आणि बहुतेक पाट्या वाकतात त्या इथेच. पुसलेली पाटी टेबलावर आडवी ठेवली की वरची बाजू वाळते, खालची ओलीच राहते. वरची आकसते, खालची फुगलेली, म्हणून पाटी वाटीसारखी वर उचलली जाते. पाट्या, फळ्या, कोड्यांच्या चौकटी उभ्या ठेवा, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशा. जागा सावलीतली हवी. दुपारच्या उन्हाने रंग उडतो आणि लाकूड एकदम आटून तडकते. कोवळे ऊन अर्धा तास चालेल.

तोंडात जाणाऱ्या वस्तूंचा प्रश्न आईबापांना सर्वात जास्त छळतो, आणि तो रास्त आहे. सहा-सात महिन्यांचे बाळ खुळखुळा दिवसभर चोखते. त्याच्यासाठी दोन खुळखुळे ठेवा, एक हातात, एक वाळत. रोज साबणाच्या पाण्याचे फडके, मग साधे पाणी, मग पूर्ण वाळणे. साबणाने आणि पुसण्याने बहुतेक घाण निघून जाते, आणि कोरड्या पृष्ठभागावर जंतू फार टिकत नाहीत. ओल हीच त्यांना सोयीची असते. सर्दी-खोकल्याच्या साथीत बालवाडीतली तोंडात गेलेली वस्तू एका वेगळ्या टोपलीत टाकायची शिस्त मुलांनासुद्धा लावता येते. त्या टोपलीतल्या वस्तू रोज संध्याकाळी पुसून घ्यायच्या. उलटी किंवा जुलाबाने खराब झालेले उघड्या लाकडाचे खेळणे मात्र टाकूनच द्यावे, त्याच्या छिद्रांतून सगळे निघाले याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तेलाबद्दल थोडे सविस्तर. आपल्याकडे लाकूड कोरडे दिसले की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडावर कधी सुकत नाही. काही दिवस छान दिसते, मग चिकटते, धूळ धरते आणि शेवटी खवट वास येतो. शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हातात ते जाऊ शकते. जवसाचे तेल सुकते, म्हणून सुतार ते वापरतात, पण रंगाच्या दुकानात ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते मुलांच्या वस्तूंना नको. आणि कच्चे जवसाचे तेल वापरलेच, तर ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच टाका.

घरी करण्यासारखे चांगले लेपन मेणाचे. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाशीचे शुद्ध मेण एक भाग घ्या. मेण मध विकणाऱ्या केंद्रांत मिळते. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर वितळवा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, ते थेट गॅसवर ठेवू नका. थंड झाले की मऊ मलम तयार होते. चमचाभर मलम दहा-बारा ठोकळ्यांना पुरते. बोटाने किंवा फडक्याने अगदी पातळ चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी कोरड्या फडक्याने जोरात घासून जास्तीचे काढून टाका. हात फिरवल्यावर चिकट लागले तर जास्त झाले असे समजा. हे फक्त उघड्या लाकडाला. लाखेला, रंगाला आणि पीयूला मेणाची गरज नाही. वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर.

पाटीवर चिकटवलेल्या काचकागदाच्या अक्षरांना कुठलाच द्रव लावू नये. मूल तर्जनी आणि मधले बोट अक्षरावरून फिरवते, तेव्हा बोटांचा घाम आणि तेल खरखरीत कणांत जाते आणि काही महिन्यांत ‘क’ गुळगुळीत होतो. अक्षराला हात लावण्याआधी मुलाने हात धुऊन पूर्ण पुसायचे, हा नियम साधनाच्या रक्षणासाठीच आहे. धूळ कोरड्या दात घासायच्या ब्रशने काढा. गुळगुळीत झालेले अक्षर सोलून तेवढेच नव्या काचकागदाचे कापून चिकटवा, वळण मात्र जुन्यावर ठेवून तंतोतंत गिरवून घ्या. हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावायच्या डब्यांत तांदूळ किंवा डाळ भरलेली असेल तर दर तीन महिन्यांनी उघडून पाहा. पोरकिडे झाले की आवाज बदलतो आणि जोड्या जुळेनाशा होतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर महागडी साधने परवडत नाहीत म्हणून शिंपले, बिया, खडे, काड्या यांतून शिकवले. आजही कितीतरी अंगणवाड्यांच्या सेविका चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले गोळा करून ठेवतात. याही साधनांना निगा लागते. चिंचोक्यांना भोके पाडणारा किडा लागतो. ते कडक उन्हात वाळवून, कढईत हलके भाजून, थंड झाल्यावर डब्यात भरा. गुंजा मात्र काढून टाका, कितीही सुंदर दिसल्या तरी. गुंजेचे कवच फुटून ती पोटात गेली तर ते जीवघेणे विष आहे. एरंडाच्या बियांचेही तसेच.

किडीचा विषय निघालाच आहे. लाकडी घोड्याच्या पायाशी रोज सकाळी पिठासारखी बारीक भुकटी दिसू लागली आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे दिसली, तर आत भुंगा आहे. ते खेळणे लगेच इतरांपासून वेगळे करा. डांबरगोळ्या किंवा कीटकनाशकाचा फवारा मुलांच्या वस्तूंना वापरायचा नाही. डांबरगोळी गोळीसारखीच दिसते, गिळली तर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूरही पोटात गेला तर झटके येतात. त्यापेक्षा खेळणे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर लाकडावर पाणी सुटेल. मग छिद्रे मेणाने बुजवा आणि पुढचा महिनाभर खाली काळा कागद ठेवून भुकटी पडते का पाहा. पडली तर आत कीड अजून जिवंत असू शकते. भुंग्याला आवडते ते पांढरट रसकाष्ठ, म्हणून खरेदी करताना पांढरट पट्टे असलेल्या उघड्या लाकडाकडे नीट पाहा. पॉलिश असेल तर मादीला अंडी घालायला छिद्रे मिळत नाहीत, हा पॉलिशचा एक मोठा फायदा.

वाळवी खालून आणि भिंतीतून येते. मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर असावी. सुट्टीत साधने प्लॅस्टिकच्या बंद डब्यांत भरून ठेवण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. आत अडकलेली ओल बाहेर जात नाही आणि जूनमध्ये डबा उघडला की हिरवट बुरशी दिसते. उघड्या मांडणीवर, सुती चादर पांघरून ठेवा. बुरशी आलीच तर वस्तू अंगणात नेऊन, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या फडक्याने पुसा, मग व्हिनेगरचे फडके, मग वारा. पुसलेले फडके लगेच धुवा.

दुरुस्तीसाठी दोन वस्तू बहुतेक वेळा पुरतात : २२० आणि ३२० नंबरचा काचकागद आणि फेव्हिकॉल. कूस निघाली, म्हणजे लाकडाची बारीक सळ वर आली, की २२० ने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, आडवे नाही, मग ३२० फिरवा. तड गेलेली जागा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरता येते. सुटलेला सांधा चिकटवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळा आणि पूर्ण एक दिवस सोडू नका. साधा फेव्हिकॉल पाण्याने सुटतो, म्हणून चोखायच्या वस्तूंना दुरुस्ती नकोच. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटणारा कुठलाही तुकडा ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत बसत असेल, तर तो घशातही बसू शकतो. असे खेळणे तेव्हाच बाजूला काढा.

जुन्या, रंगवलेल्या खेळण्यांना काचकागद लावण्यापूर्वी थांबा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे नसेलच, असे धरून चालू नका. घासल्यावर उडणारी धूळ मुलाच्या पोटात जाते आणि शिसे मेंदूच्या वाढीला घातक असते. आजोबांच्या वेळचा पापुद्रे सुटलेला घोडा काचेच्या कपाटात ठेवा, मुलाच्या हातात देऊ नका आणि जाळूही नका.

आणि हे सगळे ताईंनी एकटीनेच करायचे नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच्या हाताला बसेल एवढे फडके द्या, एक छोटा ब्रश द्या. मांडणीचा एक कप्पा झटकायला त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि ती त्याची सर्वात शांत मिनिटे असतात. पेटी कुठून उचलायची, पाटी कशी उभी ठेवायची, ओला हात लाकडाला का लावायचा नाही, हे सांगितल्याने कळत नाही, त्याच्यासमोर सावकाश करून दाखवले की कळते. साधन फेकणारे मूल ते पुसायला लागले की फेकणे कमी होते, हे कुठल्याही अनुभवी बालवाडीताई सांगतील.

नवी खरेदी करताना खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून चितार आळीत किंवा चन्नपट्टणला कारागिराकडून घेत असाल, तर त्यालाच विचारा : लाकूड कुठले, वर लाख आहे की रंग, आणि रंग कुठला? तो आनंदाने सांगेल. उत्तर पेटीच्या तळाला पेन्सिलीने, तारखेसह लिहून ठेवा. पुढल्या वर्षी वर्गावर येणाऱ्या ताईंना फडके ओले घ्यायचे की कोरडे, हे त्यावरूनच ठरवावे लागेल.